उन्हावर छापलेला बोर्ड, वाचलेली मोटार
घरच्या घरी सर्किट बोर्ड करण्याचा एका शेतकऱ्याचा अनुभव

गोष्ट मार्च २०१९ ची. आदल्या ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. आमचा पट्टा पारनेर आणि शिरूर तालुक्यांच्या शिवेवरचा. इथल्या विहिरींनी दिवाळीतच तळ दाखवला होता. तरी आशेवर दीड एकर कांदा लावलेला. कांदा पोसायला लागला होता आणि पाण्याच्या शेवटच्या दोन पाळ्या बाकी होत्या. ज्याने कांदा केला आहे, त्याला या दोन पाळ्यांचे मोल सांगायला नको.

त्या आठवड्याला लाइट रात्रीची होती. आबांनी साडेबाराला मोटार चालू केली आणि ते दारे धरायला गेले. चार वाफे भरले, पाचवा अर्धा झाला आणि पाट आटला. आबांना वाटले लाइट गेली. लाइटची वाट बघत ते बांधावर घोंगडी टाकून बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. प्रत्यक्षात लाइट चालूच होती, विहिरीतले पाणी संपले होते. पाणबुडी मोटार रात्रभर कोरडी फिरत राहिली. पहाटे मी गेलो तर फ्यूज उडालेला. दोघा-तिघांनी मिळून मोटार वर ओढली, तेव्हा जळक्या वार्निशचा वास आला आणि काय ते कळले.

रिवाइंडिंग होऊन मोटार परत यायला पाच दिवस गेले. दोन पाळ्यांपैकी एक हुकली, दुसरी उशिरा झाली. निम्मा कांदा गोल्टीच निघाला. आबा कोणाला काही बोलले नाहीत, पण पुढे कित्येक दिवस रात्रीची मोटार चालू असली की ते विहिरीच्या कडेला बॅटरी घेऊन बसत. सत्तरीतल्या माणसाने रात्री विहिरीवर असे बसणे आम्हाला बघवत नव्हते.

ओव्हरलोड रिले गप्प का बसला?

मी आय.टी.आय.ला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला आहे. त्यामुळे गावात अनेकांनी मला विचारले, "तुझ्याच पॅनेलला ओव्हरलोड रिले नव्हता का?" होता. आणि चांगला होता. पण तो जास्त करंटवर पडतो. तीन फेजपैकी एक गेली की उरलेल्या दोन फेजमधून मोटार जास्त करंट ओढते, तेव्हा हा रिले कामाला येतो. मोटार कोरडी चालली की गणित उलटे होते. पंपाला उचलायला पाणीच नसल्याने भार हलका होतो आणि करंट कमी होतो. रिलेच्या दृष्टीने सगळे ठीक चाललेले असते. इकडे पाणबुडीला थंड ठेवणारे पाणी नसते, आतले बुश घासतात, वाइंडिंग तापत जाते आणि मोटार जळते.

यासाठी वेगळे सर्किट लागते. त्याला दुकानात 'ड्राय रन'चे कार्ड म्हणतात. आमच्या पॅनेलमध्ये असे कार्ड बसवलेलेही होते. ते कधी बंद पडले कोणाला कळले नाही. काढून बघितले, तर सगळे सर्किट डांबरासारख्या काळ्या राळेत बुडवलेले. कोणता पार्ट जळाला, कोणती रेघ तुटली, काहीच दिसेना. ज्या दुकानातून घेतले तिथे गेलो. दुकानदार म्हणाला, "हे मॉडेल आता येत नाही. पॅनेलच नवीन घ्या." कार्ड तळहाताएवढे आणि त्याच्यासाठी नवीन पॅनेल! अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी आपली गत.

माझा पुतण्या तेव्हा पॉलिटेक्निकला होता. तो म्हणाला, "काका, यात एवढं काही नसतं. दोन ट्रान्झिस्टर आणि एक रिले. बोर्ड आपणच करू."

मी म्हणालो, "बोर्ड कारखान्यात होतो बाबा, घरी कसा करणार?"

तो म्हणाला, "उजेडावर."

लग्नपत्रिकेच्या पेटीत सर्किट

आधी बोर्ड म्हणजे काय ते बघू. रेडिओ, मोबाइल, टी.व्ही. काहीही उघडले की हिरवी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात. पाटातून पाणी जसे या वाफ्यातून त्या वाफ्यात जाते, तशी या रेघांतून वीज एका पार्टातून दुसऱ्या पार्टात जाते. पूर्वी रेडिओत एकेक वायर हाताने जोडावी लागे. व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आइस्लर या इंजिनिअरने १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापील सर्किटाचा रेडिओ करून दाखवला. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किटे वापरली गेली आणि युद्धानंतर ती घरोघरच्या वस्तूंत आली.

बाजारात कोरा बोर्ड मिळतो. काचतंतू आणि राळ यांची सुमारे दीड मिलिमीटर जाडीची पाटी आणि तिच्यावर चिकटवलेला तांब्याचा पत्रा. हा पत्रा साधारण ३५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहूनही थोडा जाड एवढाच. हव्या तेवढ्या रेघा ठेवायच्या आणि बाकीचे तांबे विरघळवून टाकायचे, एवढाच सगळा खेळ. ज्या रेघा ठेवायच्या त्यांच्यावर कसले तरी पांघरूण हवे. ते पांघरूण अतिनील, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट उजेडाने पक्के होते.

पुतण्याने हे सांगितल्यावर मला आमच्या बाजारपेठेतले स्क्रीन प्रिंटिंगवाले अण्णा आठवले. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका त्यांनीच छापलेल्या. त्यांच्याकडे लाकडी पेटी आहे. वर काच, आत ट्यूब. आम्ही त्यांना आमचे काम सांगितले, तर ते हसायलाच लागले.

"अहो, हे तर आमचंच काम! जाळीवर इमल्शन लावायचं, वर अक्षराची फिल्म ठेवायची आणि उजेड द्यायचा. जिथं उजेड लागला तिथं इमल्शन धरतं, जिथं अक्षराची सावली पडली तिथं पाण्यानं धुऊन जातं. तुमचं तांबं, आमची जाळी. दुसरा फरक काय?"

आणि खरेच, तत्त्व एकच आहे. अण्णांनी पेटीतल्या साध्या ट्यूब काढून जांभळट उजेडाच्या यू.व्ही. ट्यूब बसवायला परवानगी दिली. अट एकच, लग्नसराईत पेटी मागायची नाही.

काम कसे करायचे?

पुतण्याने किकॅड नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर सर्किटाचा नकाशा काढला. सामानासाठी एस.टी.ने पुण्याला बुधवार पेठेत गेलो. तिथल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे जे मागाल ते मिळते. कोरे बोर्ड, फेरिक क्लोराइड, रिले, ट्रान्झिस्टर सगळे एका पिशवीत आले. उजेडाने धरणारी निळी फिल्म पुतण्याने वेगळी मागवली.

ही निळी फिल्म दोन पातळ प्लास्टिकच्या मध्ये असते. तांबे आधी बारीक घासणीने चकचकीत करून, धुऊन, पूर्ण कोरडे करायचे. बोटाचा तेलकट डागही चालत नाही. मग फिल्मचे एका बाजूचे प्लास्टिक सोलून ती तांब्यावर चिकटवायची आणि वरून कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची. आधार कार्ड लॅमिनेट करायचे यंत्र मिळाले तर उत्तम, त्यात बुडबुडे राहत नाहीत. हे काम दिवसाच्या उजेडात करायचे नाही. आम्ही रात्री खिडक्या लावून पिवळ्या झीरोच्या बल्बखाली केले.

नकाशाची प्रिंट पारदर्शक कागदावर काढायची. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. या फिल्ममध्ये जिथे उजेड लागतो तिथले पांघरूण टिकते. म्हणून रेघा पारदर्शक आणि बाकीचा भाग काळाकुट्ट हवा. बाजारात दुसऱ्या प्रकारचे, आधीच रसायन लावलेले बोर्डही मिळतात. त्यांचे बरोबर उलटे असते. उजेड लागलेला भाग धुऊन जातो. त्यामुळे आपल्या हातात कोणता माल आहे ते आधी बघावे. लेझर प्रिंटच्या काळ्यात टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात आणि त्यातून उजेड झिरपतो. यावर उपाय म्हणजे दोन प्रिंट एकमेकींवर तंतोतंत बसवून चिकटवणे.

ही प्रिंट बोर्डावर ठेवताना शाईची बाजू खाली, फिल्मला टेकलेली हवी. शाई वर राहिली तर मधल्या जाडीतून उजेड तिरका शिरतो आणि रेघा फुगतात. वरून साधी काच ठेवून दाबायचे, म्हणजे फट राहत नाही.

मग उजेड. किती वेळ द्यायचा? याचे उत्तर कोणीही दुसरा देऊ शकत नाही. ट्यूब किती, किती अंतरावर, काच केवढी जाड, फिल्म किती जुनी, यावर ते ठरते. त्यासाठी बोर्डाचा छोटा तुकडा घ्यावा. सगळा पुठ्ठ्याने झाकावा आणि दर वीस सेकंदांनी पुठ्ठा बोटभर मागे सरकवत जावा. धुतल्यावर कोणता पट्टा नीट धरला ते आपोआप दिसते. उजेड कमी पडला तर पांघरूण धुऊन जाते. जास्त झाला तर काळ्याखालूनही उजेड शिरतो आणि दोन रेघांमधली फट मोकळी होत नाही. अण्णांच्या पेटीत आमचे गणित नव्वद सेकंदांना बसले. पेटी चालू असताना ट्यूबकडे बघू नये, डोळ्यांना इजा होते.

पुढचे काम धुण्याच्या सोड्याचे. एक लिटर कोमट पाण्यात दहा ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा चालत नाही. बोर्डावरचे दुसरे प्लास्टिक सोलून तो या पाण्यात बुडवायचा आणि मऊ ब्रशने हळूहळू चोळायचे. जिथे सावली होती तिथले निळे विरघळते आणि खालचे तांबे उघडे पडते. रेघा गडद निळ्या दिसायला लागतात. पहिल्यांदा त्या उमटताना बघितल्या तेव्हा घरातली सगळी माणसे परातीभोवती गोळा झाली होती. आबासुद्धा.

शेवटी फेरिक क्लोराइड. हे तांबे विरघळवते. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये द्रावण घ्यायचे आणि तो ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवायचा. द्रावण साधारण चाळीस-पंचेचाळीस अंश कोमट राहिले आणि ट्रे सारखा हलवत राहिला, तर पंधरा-वीस मिनिटांत काम होते. थंड द्रावणात तासभरही लागू शकतो. मग बोर्ड स्वच्छ धुऊन कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात टाकला की निळे पांघरूण निघते आणि खाली लालसर तांब्याच्या रेघा दिसतात. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचे, कॉस्टिकवर पाणी ओतायचे नाही. हातमोजे आणि चश्मा या दोन्ही कामांना हवेतच.

भोके पाडायला एक मिलिमीटरच्या आसपासचे ड्रिल लागते. त्यातून उडणारी काचतंतूची पूड फुफ्फुसाला वाईट, म्हणून तोंडाला रुमाल नव्हे, मास्क लावावा.

ठेच लागली, शहाणपण आले

वरचे सगळे वाचताना सोपे वाटते. आमचा बोर्ड मात्र चौथ्या खेपेला जमला.

पहिल्या खेपेला पुतण्याने प्रिंट उलटी काढली. रेघा काळ्या आणि बाकीचे पारदर्शक. सगळे सोपस्कार पार पडले आणि हाती आला तो असा बोर्ड, ज्याच्यावर रेघा सोडून सगळीकडे तांबे. दुसऱ्या खेपेला फिल्मखाली धुळीचे कण आणि बुडबुडे राहिले. जिथे बुडबुडा तिथे रेघ तुटलेली.

तिसऱ्या खेपेचे तर विचारूच नका. प्लास्टिकचा ट्रे सापडेना म्हणून पुतण्याने वहिनीचे जर्मलचे पातेले घेतले. फेरिक क्लोराइड त्यात ओतले मात्र, ते फसफसून वर आले, वाफा निघायला लागल्या, भांडे हातात धरवेना एवढे तापले. आम्ही ते उचलून अंगणात पळालो. थोड्या वेळाने बघितले तर पातेल्याच्या बुडाला भोके. हे द्रावण जर्मल, लोखंड, स्टील, कशालाच सोडत नाही. वहिनी म्हणाली, "मोटार वाचवायला निघालेत आणि माझा संसार जाळताहेत!" नवीन पातेले आणून दिले तेव्हा कुठे चहा मिळाला. हसण्यावारी गेले खरे, पण ते द्रावण डोळ्यात उडाले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. तेव्हापासून आमचा नियम असा, की ही भांडी वेगळी, त्यांच्यावर लाल रंगाची खूण आणि लहान मुलांना त्या खोलीत मज्जाव.

तीन सळया आणि एक रिले

आता सर्किट काय करते ते थोडक्यात. विहिरीत स्टेनलेस स्टीलच्या तीन सळया वेगवेगळ्या उंचीवर सोडलेल्या असतात. सगळ्यात खालची सामाईक. तिच्या वर, पंपाच्या थोडी वर, दुसरी. आणि त्याच्या चार-पाच फूट वर तिसरी. विहिरीचे पाणी थोडी वीज वाहून नेते. पाणी वाढून वरच्या सळईला टेकले की ट्रान्झिस्टरला इशारा मिळतो, रिले ओढला जातो आणि मोटारीला परवानगी मिळते. रिले ओढला गेला की त्याच्याच दुसऱ्या काँटॅक्टमधून मधली सळई जोडली जाते. त्यामुळे पाणी वरच्या सळईखाली गेले तरी मोटार चालू राहते. मधली सळईही उघडी पडली की रिले सुटतो आणि मोटार बंद. पुन्हा पाणी वरपर्यंत आल्याशिवाय ती चालू होत नाही.

दोन सळयांमधले हे अंतर नसते तर काय झाले असते? पाणी थोडे खाली गेले की मोटार बंद, दोन बोटे झरले की चालू, पुन्हा बंद. अशा धरसोडीने मोटार कोरडी चालण्याआधीच जळाली असती.

यात आणखी एक गोष्ट मुद्दाम ठेवली आहे. सळईची वायर तुटली, ट्रान्झिस्टर उघडा पडला किंवा सर्किटाची वीज गेली, तरी रिले सुटतो आणि मोटार बंदच राहते. बिघाड झाला तर तो मोटार बंद पडून आपल्याला कळावा, जळून नव्हे. आमचे राळेतले जुने कार्ड याच्या उलट होते. ते मेले आणि मोटार मात्र चालूच राहिली.

आमचा बोर्ड फक्त बारा व्होल्टचा आहे आणि घरी करायचा तो एवढ्याच व्होल्टचा करावा. स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते आणि बोर्डावरच्या छोट्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेले असते. म्हणजे ती थेट जोडणी चालतच नाही. मध्ये योग्य व्होल्टचा काँटॅक्टर हवा आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. घरी केलेल्या बोर्डावर तीन फेज आणण्याचा मोह कोणीही करू नये.

पॅनेलच्या पेटीत मुंग्या आणि पाली घुसतात, पावसाळ्यात दमट होते. म्हणून तयार बोर्डावर वार्निशचे दोन हात दिले. राळेत बुडवला नाही. उद्या बिघडला तर रेघा दिसल्या पाहिजेत.

लॉकडाऊनमधली दुपार

हा बोर्ड बसवल्यानंतर आबांची रात्रीची राखण थांबली. पण त्याची खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. एप्रिलमध्ये शेजारच्या मळ्यातल्या भाऊंच्या पॅनेलमधले कार्ड गेले. विकतचे होते, तसेच राळेतले. विहिरीत पाणी दोन-अडीच तासांचे आणि बांधावर डाळिंबाची बाग. पुणे बंद, बाजारपेठ बंद, अण्णांचे दुकानही बंद, म्हणजे पेटीही कुलपात. भाऊ म्हणाले, "मी बसतो रात्रभर विहिरीवर." मला आबा आठवले.

घरात काय होते? बोर्डाचा एक उरलेला तुकडा, वीतभर निळी फिल्म, डब्यात जुने फेरिक क्लोराइड, आणि पुतण्याच्या वहीत जपून ठेवलेली पहिल्या बोर्डाची प्रिंट. रिले भाऊंच्याच जुन्या पॅनेलमधून निघाला. यू.व्ही. ट्यूब नव्हती, पण एप्रिलचे ऊन होते. उन्हात अतिनील किरण असतातच.

छोट्या तुकड्यावर पुठ्ठा सरकवून बघितले. दुपारी बारा वाजता आमच्या अंगणात चाळीस सेकंद पुरले. मग बोर्ड, प्रिंट, काच असे सगळे घरातच नीट दाबून, वरून पुठ्ठा झाकून बाहेर आणले. पुतण्याने पुठ्ठा उचलला, मी घड्याळ बघून आकडे मोजले, चाळीसला पुठ्ठा परत खाली. रेंगाळलो असतो तर उन्हाने फिल्म मऊ झाली असती. संध्याकाळपर्यंत बोर्ड तयार झाला. दुसऱ्या दिवशी पॅनेलमध्ये बसवला. त्या आठवड्यात भाऊंची मोटार पाच वेळा आपोआप बंद पडली, म्हणजे पाच वेळा वाचली.

हिरवे पाणी कुठे टाकायचे?

आता सगळ्यात महत्त्वाचे. वापरून वापरून फेरिक क्लोराइड हिरवट-काळे होते, कारण त्यात तांबे विरघळलेले असते. हे पाणी ओढ्यात, मोरीत किंवा विहिरीच्या आसपास ओतायचे नाही. म्हणजे नाहीच.

भाऊंनी मला विचारले होते, "आपण डाळिंबावर बोर्डो मारतोच की. मोरचूद म्हणजे तांबंच ना? मग हे ओतलं तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. तो मापात, पानावर आणि चुन्याने आम्ल मारून फवारतो. आपल्या डब्यातले द्रावण जहाल आम्लाचे आणि तांब्याने भरलेले. ते एका जागी ओतले की तिथल्या मातीतले जीव मरतात. तांबे कुजत नाही, मातीत साठत जाते. ओढ्यात गेले तर मासे मरतात. बोर्डोचा आधार घ्यायचाच, तर त्यातली चुन्याची युक्ती घ्यावी.

आम्ही तेच करतो. द्रावण अगदी निकामी होईपर्यंत पुन्हा पुन्हा वापरतो. एका डब्यात बरेच बोर्ड होतात. निकामी झाले की प्लास्टिकच्या बादलीत, उघड्यावर, थोडी थोडी चुन्याची निवळी घालत ढवळतो. लिटमस कागदाने आम्ल मेले की नाही ते बघतो. तांबे आणि लोह गाळ होऊन खाली बसते. तो गाळ वाळवून, झाकणाच्या बरणीत भरून, वर चिठ्ठी लावून ठेवतो आणि पुण्याला घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात देतो. शेतात टाकत नाही. बरणी भरायला वर्ष-दोन वर्षे लागतात, त्यामुळे काही मोठे ओझे होत नाही.

विकतचा बोर्ड मिळत असताना?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. खरे सांगायचे तर आज नकाशा पाठवला की कारखाने पाच-दहा बोर्ड सुबक करून घरपोच पाठवतात. दहा बोर्ड हवे असतील तर तसेच मागवावेत, कारखान्याची सफाई घरच्या कामाला येत नाही. आम्हीही पुढे तसे मागवले आहेत. घरची पद्धत उपयोगी पडते ती एकच नग आणि तोही उद्याच हवा असतो तेव्हा.

पण याहून मोठा फायदा वेगळा आहे. एक बोर्ड हाताने केला की दुसऱ्याचा बोर्ड वाचता येतो. पूर्वी पॅनेल उघडले की मी काँटॅक्टर आणि वायर बघत असे, हिरव्या पाटीला हात लावत नसे. आता भिंग घेऊन रेघ कुठे तुटली, कुठला डाग सैल झाला ते शोधतो. आमच्या वाडीतली तीन बंद कार्डे अशी नुसती डाग देऊन सुरू झाली. ती तिन्ही फेकायला निघाली होती.

आमच्या जवळच, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून ते इथे आले आणि खेड्यातल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवण्याची वाट त्यांनी घालून दिली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अशा लॅबमध्ये सर्किट बोर्ड रसायनाशिवाय, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या छोट्या यंत्राने तांबे कोरूनही करतात. ज्यांना जवळ आहे त्यांनी मुलांना घेऊन एकदा बघून यावे.

आणि आमच्या बोर्डाचे दोषही सांगितले पाहिजेत. सळयांवर क्षार बसतात. पहिल्याच पावसाळ्यात विहीर तुडुंब भरलेली आणि मोटार काही केल्या चालू होईना. आबा म्हणाले, "पाणी नव्हतं तेव्हा मोटार चालत होती, आता पाणी आहे तर चालेना. कसली रे तुमची विद्या?" सळया वर काढून घासल्या आणि मोटार चालू झाली. तेव्हापासून दर अमावास्येला सळया घासायचे काम आबांनी स्वतःकडे घेतले आहे. ते कॅलेंडरवर खूण करतात आणि घासून झाले की मोटार चालू करून, बंद करून बघतात.

आजवर आम्ही असे अकरा बोर्ड केले. दोन बिघडले. एकात मुंग्यांनी वारूळ केले, दुसऱ्याचा रिले चिकटला. दोन्ही उघडून दुरुस्त झाले आणि परत चालू आहेत.

शेतकरी बंधूंनी सगळ्यांनीच बोर्ड करायला बसावे असे मी म्हणणार नाही. पण एक काम आजच करावे. आपल्या पॅनेलमध्ये ड्राय रनचे कार्ड असेल तर वायरमनला बोलावून, मेन स्विच पाडून, पाण्याच्या सळईची वायर काढून ठेवायला सांगावी. मग स्विच टाकून मोटार चालू होते का बघावे. चालू झाली, तर ते कार्ड मेलेले आहे असे समजावे. आमचे कार्ड कधी मेले हे आम्हाला मोटार जळाल्यावर कळले. तुम्हाला ते आधी कळावे, एवढ्यासाठी हे लिहिले.